चूक समोरच्याची असताना एक्सेस आणि इतर नुकसान कसे वसूल करावे: ब्रिटनमधील नवख्या मोटारसायकलस्वारांसाठी

ब्रिटनमध्ये मोटारसायकलचा अपघात झाला, चूक सर्वस्वी समोरच्या मोटारचालकाची ठरली, आणि तरीही दुरुस्तीचे पैसे देताना आपलीच विमा कंपनी पहिले तीनशे-पाचशे पौंड आपल्याकडून घेते, हे येथे नव्याने आलेल्या मराठी माणसाला चक्रावून टाकणारे असते. या रकमेला येथे एक्सेस म्हणतात. तिचे दोन भाग असतात: कंपनीने ठरवलेला सक्तीचा भाग आणि विम्याचा हप्ता कमी व्हावा म्हणून पॉलिसी घेताना आपण स्वतः कबूल केलेला ऐच्छिक भाग. भारतात दुचाकीच्या पॉलिसीत अशी सक्तीची वजावट साधारणतः शंभर रुपयांची असते, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. येथे मात्र तरुण किंवा नवख्या चालकाचा एकूण एक्सेस ५०० पौंडांच्या वर सहज जातो.

आपली चूक नसली की एक्सेस आपोआप माफ होतो, हा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. एक्सेस हा आपण आणि आपली विमा कंपनी यांच्यातील कराराचा भाग असतो. त्या करारात चूक कोणाची हा प्रश्नच येत नाही. तो प्रश्न येतो आपण आणि निष्काळजीपणे गाडी चालवणारा तो चालक यांच्यामध्ये, आणि तेथे कायदा आपल्या बाजूचा आहे: अपघात घडला नसता तर आपण ज्या स्थितीत असतो, त्या स्थितीला पैशाने जितके आणता येईल तितके आणण्याची जबाबदारी त्याची आहे. आपली कंपनी दुरुस्तीवर केलेला स्वतःचा खर्च त्याच्या कंपनीकडून वसूल करून घेते. पण एक्सेस, फुटलेले हेल्मेट, फाटलेले जॅकेट, बुडालेला पगार यांपैकी काहीच तिच्या तिजोरीतून गेलेले नसते, म्हणून ते वसूल करून देण्याचे बंधन तिच्यावर सहसा नसते. विम्याबाहेरच्या या नुकसानीची भरपाई आपण मागावी लागते, आणि मागितली नाही तर ती कोणीही घरी आणून देत नाही. खाली दिलेली माहिती इंग्लंड आणि वेल्समधील कायद्याची आहे. स्कॉटलंडचे वेगळे नियम त्या त्या जागी सांगितले आहेत.

आधी आपली बाजू तपासा

समोरच्यावर बोट ठेवण्यापूर्वी आपले कागद स्वच्छ असावे लागतात. भारतीय परवान्यावर ग्रेट ब्रिटनमध्ये रहिवासी झाल्यापासून १२ महिनेच मोटारसायकल चालवता येते. त्यानंतर येथील प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ, परवाना, सीबीटी हे सक्तीचे प्राथमिक प्रशिक्षण आणि पुढच्या परीक्षा असा मार्ग आहे. सीबीटीचे प्रमाणपत्र दोन वर्षेच चालते, ही मुदत अनेकांच्या लक्षातून निसटते.

दुसरी गोष्ट त्याहून नाजूक आहे. सामाजिक, घरगुती आणि मौजेच्या वापरासाठी काढलेली पॉलिसी, तिच्यात नोकरीवर जाण्यायेण्याचा वापर जोडलेला असला तरी, जेवणाचे डबे किंवा पार्सल पोहोचवण्याच्या कामाला चालत नाही. त्यासाठी मोबदला घेऊन माल पोहोचवण्याचे वेगळे विमा-संरक्षण घ्यावे लागते. ते नसताना डिलिव्हरी करत असू, तर आपली कंपनी आपल्या गाडीचे पैसे नाकारू शकते आणि विम्याविना वाहन चालवल्याचा गुन्हाही लागू शकतो. विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला परवानगी नाही, त्यामुळे अशा कामातून बुडालेल्या कमाईची भरपाई मागायला जाऊ नये. त्यातून विम्यापेक्षा मोठा प्रश्न उभा राहतो. एवढे मात्र खरे की आपल्या पॉलिसीत त्रुटी असली म्हणून समोरच्याचा निष्काळजीपणा पुसला जात नाही. त्याच्याविरुद्धचा दावा स्वतंत्र असतो, आणि अशा वेळी तो सॉलिसिटरला विचारूनच पुढे न्यावा.

अपघाताच्या जागी

आपल्याकडे रस्त्यावर धक्का लागला की चार माणसे जमतात, थोडी बाचाबाची होते आणि बऱ्याचदा जागेवरच रोख पैसे देऊन विषय मिटतो. येथे ती सवय महागात पडते. मोटारसायकलच्या चौकटीला गेलेला बाक किंवा पुढच्या फोर्कला आलेला वाकडेपणा गॅरेजमध्ये गाडी उघडल्यावरच दिसतो, आणि मानेचे किंवा मनगटाचे दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळी वर येते. शंभर पौंड हातात घेऊन ‘काही झाले नाही’ म्हटले, तर पुढे तेच वाक्य आपल्या विरोधात वाचून दाखवले जाते.

रोड ट्रॅफिक ॲक्ट १९८८ च्या कलम १७० प्रमाणे अपघातात गुंतलेल्या चालकाने थांबलेच पाहिजे आणि विचारणा होताच स्वतःचे नाव-पत्ता, वाहनाच्या मालकाचे नाव-पत्ता आणि वाहनाचा क्रमांक दिला पाहिजे. ही देवाणघेवाण झाली नाही, तर २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. त्याच कायद्याचे कलम १५४ सांगते की ज्याच्यावर दावा केला जात आहे त्याने आपला विमा आहे की नाही आणि असल्यास कोणाकडे, ही माहिती मागणी होताच द्यावी. कोणी टाळाटाळ केली, तरी वाहनाचा क्रमांक टिपलेला असला की पुरे. त्या क्रमांकावरून विमा कंपन्यांची सामाईक संस्था असलेल्या मोटर इन्शुरर्स ब्युरोच्या शोध-सेवेतून विमा कंपनीचा शोध लागतो.

छायाचित्रे घेताना वाकलेला आरसा आणि ओरखडे यांवरच थांबू नये. चूक कोणाची हे सिद्ध करणारी छायाचित्रे रस्त्याची असतात. बाजूच्या रस्त्यावरून मोटार बाहेर आली असेल, तर तिची पुढची चाके गिव्ह-वेच्या, म्हणजे मुख्य रस्त्याला वाट देण्याच्या, तुटक पांढऱ्या रेषेच्या किती पुढे आहेत, हे गाड्या हलवण्यापूर्वी टिपावे. कोपऱ्यावरची पाटी, कुंपण, उभी व्हॅन यांमुळे त्या चालकाला काय दिसत होते, हे त्याच्या जागी उभे राहून टिपावे. साक्षीदाराचा फोन क्रमांक तेथेच घ्यावा. दुकानातील किंवा बसमधील कॅमेऱ्याचे चित्रण थोड्याच दिवसांत पुसले जाते, म्हणून त्याच दिवशी लेखी विनंती करावी. आपण ज्यात दिसतो ते चित्रण माहिती-संरक्षण कायद्याखाली मागता येते आणि त्याला सर्वसाधारणपणे एका महिन्यात उत्तर देणे संस्थेवर बंधनकारक असते. मात्र उत्तर येईपर्यंत चित्रण जपून ठेवा, असे विनंतीत स्पष्ट लिहावे.

घाबरलेल्या अवस्थेत तोंडून ‘सॉरी’ निघून गेले म्हणून झोप उडवून घेण्याचे कारण नाही. कॉम्पेन्सेशन ॲक्ट २००६ च्या कलम २ मध्ये म्हटले आहे की क्षमा मागणे ही आपोआप निष्काळजीपणाची कबुली ठरत नाही. ‘माझीच चूक झाली’ हे वाक्य मात्र वेगळे आहे. ते उच्चारू नये आणि लिहूनही देऊ नये.

आपल्या कंपनीला कळवणे आणि वाट निवडणे

दावा करायचा असो वा नसो, अपघाताची खबर आपल्या विमा कंपनीला द्यावीच लागते. जवळपास प्रत्येक पॉलिसीत तशी अट असते. दावा करायचा नसेल, तर ‘केवळ माहितीसाठी कळवत आहे’ असे स्पष्ट लिहावे. त्यानंतर तीन वाटा दिसतात.

पहिली वाट म्हणजे सर्वसमावेशक, म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह, पॉलिसीवर स्वतःच्या कंपनीकडून दुरुस्ती करून घेणे आणि एक्सेस मागाहून वसूल करणे. गाडी लवकर रस्त्यावर येते आणि चुकीबद्दल वाद झाला तरी दुरुस्ती अडून राहत नाही. दुसरी वाट म्हणजे थेट समोरच्याच्या विमा कंपनीकडे जाणे. तिने जबाबदारी मान्य केली असेल, तर येथे एक्सेसचा प्रश्नच उरत नाही, कारण एक्सेस आपल्या पॉलिसीतला असतो आणि आपण ती वापरतच नाही. ज्यांची पॉलिसी केवळ थर्ड पार्टी आहे त्यांना हीच वाट उपलब्ध असते. पण ही कंपनी आपली नव्हे, हे क्षणभरही विसरू नये. तिचा माणूस फोनवर कितीही अगत्याने बोलला तरी कमी पैशांत प्रकरण मिटवणे हे त्याचे काम असते.

तिसऱ्या वाटेबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण नवखी माणसे येथेच अडकतात. अपघातानंतर कोणीतरी फोन करते: तुमची चूक नाही, तुम्हाला एक पैसाही न देता बदली मोटारसायकल देतो, एक्सेसही लागणार नाही. ही बहुधा क्रेडिट हायर असते. बदली गाडीचे भाडे आपल्या नावावर उधारीने चढत जाते, ते नेहमीच्या भाड्याच्या कितीतरी पट असू शकते, आणि कंपनी ते समोरच्या विमा कंपनीकडून वसूल करण्याचा प्रयत्न करते. ते वसूल झाले नाही, तर करारावर सही आपली असते. ज्याला गाडीवाचून खरोखर गत्यंतर नाही आणि स्वतःच्या पैशाने भाड्याने घेण्याची ऐपत नाही, त्याचे जास्तीचे भाडेही भरून निघू शकते, असा निर्णय हाउस ऑफ लॉर्ड्स या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये लॅग्डन विरुद्ध ओकॉनर या खटल्यात दिला आहे. मात्र ती ऐपत नसल्याचे बँकेच्या कागदपत्रांनी सिद्ध करावे लागते. ज्याच्या खात्यात पैसे आहेत आणि ज्याला बसने कामावर जाता येते, त्याने असा करार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोणतीही वाट धरली, तरी आपल्या पॉलिसीसोबत कायदेशीर खर्चाचा विमा आहे का, हे त्याच दिवशी पाहावे. वर्षाला वीस-तीस पौंड देऊन घेतलेला हा जोड-विमा पुष्कळांकडे असतो आणि तो घेतल्याचे आठवणीतही नसते. तो असेल आणि प्रकरण जिंकण्याजोगे असेल, तर विम्याबाहेरच्या नुकसानीची वसुली त्याच्या वकिलांकडे सोपवता येते. प्रकरण सोपवले म्हणजे आपले काम संपले, असे मात्र नाही. यादी आणि पावत्या तेव्हाही आपल्यालाच द्याव्या लागतात.

नुकसानीची यादी

सगळ्या वसुलीचा पाया ही यादी असते. ती अपघाताच्या आठवड्यातच सुरू करावी आणि प्रत्येक नोंदीसमोर पुरावा लावत जावा.

एक्सेसचा पुरावा सोपा आहे: पॉलिसीचे शेड्यूल आणि तो भरल्याची पावती. दुरुस्ती परवडणारी नाही म्हणून गाडी निकालात काढली (राइट-ऑफ केली) गेली असेल, तर कंपनी बाजारभावातून एक्सेस कापून उरलेली रक्कम देते. अशा वेळी वजावट दाखवणारे पत्र हाच पुरावा असतो. निकालात काढलेल्या गाड्यांचे २०१७ पासून ए, बी, एस आणि एन असे चार वर्ग आहेत. एस म्हणजे सांगाड्याला इजा झालेली पण दुरुस्त होऊ शकणारी आणि एन म्हणजे सांगाडा शाबूत असलेली. कंपनीने सुचवलेला बाजारभाव कमी वाटला, तर तो मुकाट्याने घेऊ नये. त्याच वर्षाच्या, तितक्याच मैल चाललेल्या गाड्यांच्या विक्रीच्या जाहिराती आणि सर्व्हिसची बिले जोडून लेखी हरकत घ्यावी.

हेल्मेटबद्दल दोन गोष्टी. आपटलेले हेल्मेट बाहेरून ठीक दिसले तरी आतील फोमचा थर दबलेला असतो आणि दुसऱ्या धक्क्यात तो वाचवत नाही, म्हणून ते बदलायचेच असते. आणि जुने हेल्मेट फेकायचे नसते. त्याच्या ओरखड्यांचे, आतल्या मान्यता-चिठ्ठीचे, हनुवटीच्या पट्ट्याचे छायाचित्र घेऊन ते दावा मिटेपर्यंत कपाटात ठेवावे. जॅकेट, हातमोजे, बूट, पँट यांनाही हेच लागू आहे. रुग्णालयात बाही कात्रीने कापली असेल, तर ते कापलेले जॅकेटच मागून घ्यावे. पावती हरवली असेल, तर बँकेची नोंद, ऑर्डरचा ईमेल, इतकेच काय पण ते जॅकेट घातलेला जुना फोटोही उपयोगी पडतो. विमा कंपन्या वापरलेल्या वस्तूच्या वयानुसार घट लावू पाहतात. कपड्यांच्या बाबतीत थोडी घट मान्य करणे वाजवी ठरू शकते. हेल्मेटच्या बाबतीत मात्र ठामपणे लिहावे की दुसऱ्याने वापरलेले हेल्मेट सुरक्षितपणे विकत घेता येत नाही, त्यामुळे नव्याची किंमत हीच खरी भरपाई आहे.

बुडालेला पगार हाती पडणाऱ्या रकमेवर मोजायचा, कागदावरच्या एकूण पगारावर नव्हे. अपघातापूर्वीच्या १३ आठवड्यांच्या पगाराच्या पावत्या आणि मालकाचे पत्र सर्वसाधारणपणे पुरते. आजारपणात मालकाने किंवा वैधानिक आजार-वेतनाने काही दिले असेल, तर ते वजा होते. पण नोकरीच्या करारात भरपाई मिळाल्यास ते परत करण्याची अट असेल, तर ती रक्कमही मागता येते. स्वतःचा व्यवसाय असेल, तर कर-विवरणपत्र आणि बँकेच्या नोंदी लागतात.

यांशिवाय गाडी उचलून नेण्याचा आणि यार्डात ठेवण्याचा खर्च, गाडी नसताना काढलेली बस-ट्रेनची तिकिटे, रुग्णालयाच्या फेऱ्या, औषधे, फुटलेला फोन ही सगळी रक्कम यादीत येते. जखमी असताना पत्नीने, भावाने किंवा सोबत राहणाऱ्या मित्राने आंघोळ, स्वयंपाक, ने-आण केली असेल, तर त्या सेवेचेही वाजवी मूल्य मागता येते. आपल्या माणसाने केलेल्या कामाचे पैसे मागणे आपल्या संस्कारात बसत नाही, म्हणून मराठी कुटुंबे ही नोंद वगळतात. कायद्याला ती मान्य आहे, आणि ती रक्कम ज्याने सेवा केली त्याच्यासाठीच मिळते.

नुकसान विनाकारण वाढू न देणे हे आपले कर्तव्य आहे आणि न्यायाधीश ते बारकाईने पाहतात. गाडी दिवसाला पंचवीस पौंड भाडे लावणाऱ्या यार्डात महिनाभर पडू दिली, तर ते सगळे भाडे मिळणार नाही.

मागणीपत्र

यादी पूर्ण झाली की पत्र जाते समोरच्या चालकाला आणि त्याच्या विमा कंपनीला. ते लांबलचक नसावे. तारीख, वेळ, रस्ता, दोन्ही वाहनांचे क्रमांक, अपघात कसा घडला, चार-पाच वाक्यांत, त्या चालकाने नेमके काय करायला हवे होते आणि केले नाही, रकमांचा तक्ता, पुराव्यांच्या प्रती, आणि उत्तरासाठी मुदत. साध्या प्रकरणात न्यायालयाच्या पूर्वतयारीच्या नियमांनुसार १४ दिवसांची मुदत वाजवी मानली जाते. संताप, उपमर्द, ‘तुम्ही लोक नेहमीच’ असली वाक्ये टाळावीत, कारण हेच पत्र पुढे न्यायाधीशासमोर ठेवले जाणार असते.

समजा, तक्ता असा झाला: एक्सेस ५०० पौंड, हेल्मेट २४०, जॅकेट व हातमोजे ३१०, तिकिटे ८४, बुडालेला पगार ३५६. बेरीज १,४९० पौंड. यातला एकही आकडा कंपनीने स्वतःहून विचारला नसता, आणि ज्याने केवळ एक्सेसपुरते पत्र लिहिले त्याने ९९० पौंड सोडून दिले असते.

उत्तरादाखल बहुधा चुकीची वाटणी सुचवली जाते: अर्धी तुमची, अर्धी आमची. रांगेतल्या गाड्यांच्या बाजूने पुढे जाताना, म्हणजे फिल्टरिंग करताना, अपघात झाला असेल तर हे हमखास ऐकावे लागते. फिल्टरिंग बेकायदा नाही. हायवे कोड या वाहतूक-नियमांच्या पुस्तिकेचा नियम ८८ मोटारसायकलस्वाराला ते काळजीपूर्वक व कमी वेगाने करण्यास सांगतो आणि नियम २११ मोटारचालकांना अशा स्वारांकडे लक्ष ठेवण्यास सांगतो. न्यायालयांचे निर्णय परिस्थितीनुसार बदललेले आहेत. पॉवेल विरुद्ध मूडी या १९६६ च्या खटल्यात थांबलेली रांग ओलांडणाऱ्या स्वाराकडे ८० टक्के दोष गेला, तर डेव्हिस विरुद्ध श्रोजिन या २००६ च्या खटल्यात रांगेतून अचानक यू-टर्न घेणारा चालक संपूर्ण दोषी ठरला. म्हणून वेग, अंतर, इंडिकेटर यांचे तपशील पत्रात आले पाहिजेत. वाटणी मान्य केली तर एक्सेसही त्याच प्रमाणात मिळतो, हे ध्यानात ठेवून आपल्या स्वतःच्या कंपनीलाही लिहून ठेवावे की मला विचारल्याखेरीज वाटणी मान्य करू नये. पॉलिसीच्या अटींनुसार तडजोडीचा अधिकार कंपनीकडे असतो. तरीही लेखी हरकत नोंदवलेली असली, की कंपनी पुराव्याकडे न पाहता सहसा घाईने तडजोड करत नाही.

आपल्या कंपनीने तरीही अन्यायकारक वागणूक दिली, तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करावी. आठ आठवड्यांत अंतिम उत्तर मिळाले नाही किंवा मिळालेले पटले नाही, तर फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिस या स्वतंत्र तक्रार-निवारण संस्थेकडे विनाशुल्क जाता येते. अंतिम उत्तरापासून सहा महिन्यांची मुदत असते. ही सोय आपल्या कंपनीविरुद्ध आहे. समोरच्याच्या कंपनीचे आपण ग्राहक नसल्याने तिच्याविरुद्ध ओम्बड्समनकडे जाता येत नाही; तिच्यासाठी न्यायालय आहे.

जखम झाली असेल तर

येथे एकच सूचना जिवाच्या कराराने पाळावी: गाडी आणि सामानाच्या भरपाईचा कागद सही करण्यापूर्वी तो ‘संपूर्ण आणि अंतिम’ तडजोडीचा आहे का, हे पाहावे. तसा असेल आणि त्यात जखमेचा दावा वगळलेला नसेल, तर दीडशे पौंडांच्या हेल्मेटच्या धनादेशासोबत गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची भरपाईही गमावली जाऊ शकते. तपासणीचा अहवाल येण्यापूर्वी जखमेपोटी देऊ केलेली रक्कम घेऊ नये.

मानेच्या किरकोळ दुखापतींसाठी २०२१ पासून ठरावीक, कमी दरांचा तक्ता लागू झाला आहे. सिव्हिल लायबिलिटी ॲक्ट २०१८ ने मोटारसायकलस्वार आणि मागे बसणारा यांना त्यातून वगळले आहे. समोरचा कोणी त्या तक्त्यानुसार रक्कम सांगू लागला, तर ही गोष्ट त्याला दाखवून द्यावी. हाड मोडले असेल, कामावर दीर्घ काळ जाता आले नसेल, तर सॉलिसिटर घ्यावाच. ‘नो विन, नो फी’ म्हणजे जिंकलो तरच शुल्क, अशा करारात यशाचे शुल्क वेदना आणि आधीच झालेल्या नुकसानीच्या भरपाईच्या २५ टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. विमा कंपनीने नॅशनल इन्शुरन्स क्रमांक मागितला, तर दचकू नये: मिळालेले सरकारी लाभ आणि एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेचा उपचारखर्च चूक करणाऱ्याच्या कंपनीकडून वसूल करण्यासाठी सरकारी कार्यालयाला तो कळवावा लागतो. तो उपचारखर्च आपल्यावर पडत नाही.

न्यायालयात

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण पिढ्यान्‌पिढ्यांच्या तारखांच्या अनुभवातून आलेली आहे. १०,००० पौंडांपर्यंतच्या लहान दाव्यांची येथील व्यवस्था मात्र वकिलाशिवाय चालवता यावी अशीच बेतलेली आहे, आणि साध्या प्रकरणात हरलो तरी समोरच्याच्या वकिलाचे शुल्क सहसा आपल्यावर पडत नाही. दावा सरकारी संकेतस्थळावरून दाखल होतो. शुल्क रकमेनुसार वाढते: ३०० पौंडांपर्यंत ३५, त्यापुढे ५०० पर्यंत ५०, आणि १,००० ते १,५०० च्या दरम्यान ८० पौंड. सुनावणीचे शुल्क वेगळे. जिंकल्यास दोन्ही परत मिळतात. कौंटी कोर्ट्स ॲक्ट १९८४ च्या कलम ६९ खाली व्याजही मागता येते, आणि रिवाजाने ते वर्षाला ८ टक्के मागितले जाते.

दाखल करण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. आपल्या विमा कंपनीला विचारावे की ती दुरुस्तीच्या रकमेसाठी आपल्या नावाने स्वतंत्र दावा करत आहे का. एकाच अपघाताच्या एकाच नुकसानीसाठी दोनदा न्यायालयात जाता येत नाही, आणि तिचा दावा आधी निकाली निघाला तर आपला अडकू शकतो. जखम असेल, तर वकिलाला विचारल्याशिवाय केवळ सामानाचा दावा पुढे रेटू नये. आणि समोरच्या विमा कंपनीला दावा दाखल करत असल्याची लेखी सूचना द्यावी. दाखल करण्यापूर्वी किंवा नंतर सात दिवसांच्या आत ती गेली पाहिजे, नाही तर निकालाची रक्कम तिच्याकडून वसूल करण्यात अडथळा येऊ शकतो. प्रतिवादी म्हणून चालकाचे नाव घालतात; २००२ च्या नियमांनुसार त्याच्या विमा कंपनीवरही थेट दावा करता येतो.

प्रत्यक्षात पुष्कळ प्रकरणे येथेच मिटतात, कारण १,४९० पौंडांसाठी वकील उभा करणे विमा कंपनीला परवडत नाही. बचाव दाखल झालाच, तर प्रकरण आधी फोनवरच्या विनामूल्य मध्यस्थीकडे जाऊ शकते. तिच्यासाठी तक्ता समोर ठेवून आधीच ठरवावे की कोणत्या नोंदीवर किती खाली यायचे आणि कोणत्या नोंदीवर अजिबात नाही.

मुदत: मालमत्तेच्या नुकसानीसाठी सहा वर्षे, जखमेसाठी तीन. स्कॉटलंडमध्ये मालमत्तेसाठी पाच वर्षे आणि लहान दाव्यांची मर्यादा ५,००० पौंड. इतकी वाट पाहावी असा याचा अर्थ नव्हे. साक्षीदार पत्ता बदलतात.

समोरच्याचा विमाच नसेल किंवा तो पळून गेला असेल

अशा वेळी मोटर इन्शुरर्स ब्युरोकडे अर्ज करावा लागतो. चालक सापडला पण विमा नव्हता, तर जखम आणि मालमत्ता दोन्हींसाठी दावा करता येतो. चालक सापडलाच नाही, तर जखमेची भरपाई मिळू शकते, पण केवळ वस्तूंच्या नुकसानीची सोय फार मर्यादित आहे. अशा अपघाताची पोलिसांत तात्काळ नोंद करून नोंदीचा क्रमांक घेणे अत्यावश्यक ठरते.

पैसे मिळाल्यानंतर

आपल्या कंपनीने दुरुस्तीवर केलेला खर्च पूर्ण वसूल होईपर्यंत तिच्या नोंदीत दावा ‘उघडा’ राहतो आणि नो-क्लेम सवलत थांबलेली असू शकते. नूतनीकरण त्या काळात आले, तर हप्ता वाढलेला दिसतो. म्हणून वसुली पूर्ण होताच कंपनीकडून लेखी पत्र मागावे की दावा चूक नसलेला म्हणून बंद झाला आहे आणि सवलतीची वर्षे पूर्ववत झाली आहेत. आधी जास्त हप्ता घेतला असेल, तर फरकाची रक्कम मागावी. विमा कंपन्यांच्या सामाईक दावा-नोंदवहीत हीच नोंद गेली आहे ना, याचीही विचारणा करावी, कारण तेथे ‘दोषी’ असे पडले असेल तर पुढची प्रत्येक कंपनी तेच वाचते.

पुढच्या नूतनीकरणाच्या अर्जात हा अपघात सांगावाच लागतो, आपली चूक नसली तरी. बहुधा मागील पाच वर्षांचे अपघात विचारले जातात. २०१२ च्या ग्राहक-विमा कायद्याने खरी माहिती देण्याची वाजवी काळजी घेणे आपल्यावर बंधनकारक केले आहे. त्या रकान्यात दावा बंद झाल्याच्या पत्रातील तारीख आणि रक्कम जशीच्या तशी लिहावी.